रिग्लीच्या भिंतीवरची खडूची नावं : शिकागो कब्स, १९०८ ते २०१६

स्कोकीकर

आज २ नोव्हेंबर २०२५. नऊ वर्षांपूर्वी याच रात्री शिकागो कब्स या बेसबॉल संघानं क्लीव्हलंडमध्ये वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना जिंकला आणि १९०८ पासून चाललेली वाट पाहणी संपली. १०८ वर्षं. दरवर्षी या तारखेला मी एक जुनी वही कपाटातून काढते, चाळते, परत ठेवते. यंदा जुलैत कब्सचे जुने खेळाडू राईन सँडबर्ग गेले, तेव्हापासून वाटत होतं की एकदा सगळं सलग लिहून काढावं. बेसबॉल न कळणाऱ्यांनीही वाचावं, अडेल तिथे विचारावं.

मी १९९३ साली लग्न होऊन सांगलीहून इथे आले. पहिल्या उन्हाळ्यात शेजारचे आजोबा रोज दुपारी अंगणात खुर्ची टाकून, मांडीवर वही आणि शेजारी रेडिओ घेऊन बसलेले दिसायचे. रिग्ली फील्डवर, म्हणजे कब्सच्या घरच्या मैदानावर, १९८८ पर्यंत दिवेच नव्हते. दिवे आल्यावरही कब्सचे घरचे बरेचसे सामने दुपारीच होत. माझे वडील सांगलीत क्लबच्या सामन्यांचं स्कोअरिंग करायचे, त्यामुळे चौकटींची ती वही दिसली आणि मी कुंपणापाशी थांबले. माझी आणि त्यांची ओळख झाली ती अशी, भाषेपेक्षा रेघोट्यांवरून.

त्यांनी मला शिकवलं. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला एक आकडा असतो. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे झेलणारा) २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्या बेसवरचा ४, तिसऱ्या बेसवरचा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, आणि मागे मैदानात डावीकडून ७, ८, ९. चेंडू शॉर्टस्टॉपनं उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, तर चौकटीत लिहायचं ६-३. तिसरा बाद झाला की तिरपी रेघ, इनिंग संपली. पंधरा दिवसांत मला जमायला लागलं. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर माझ्याकडून त्यांचं नाव मराठीत लिहून घेतलं आणि ते अक्षर कुठून सुरू होतं, शिरोरेघ आधी की नंतर, हे सगळं विचारून घेतलं.

त्यांचे वडील १९०८ साली सहा वर्षांचे होते. विजयाची त्यांना एवढीच आठवण होती की घरातली मोठी माणसं ओरडत होती. १९४५ साली कब्स पुन्हा वर्ल्ड सीरिजमध्ये आले तेव्हा आजोबा अकरा वर्षांचे. वडिलांना एकच तिकीट मिळालं. "पुढच्या वेळी तुला नेतो," असं ते मुलाला म्हणाले. कब्स त्या वेळी डेट्रॉइटकडून सातव्या सामन्यात हरले. पुढची वेळ यायला ७१ वर्षं लागली.

मधल्या काळात काय काय झालं ते मी त्यांच्याकडूनच ऐकलं. १९६९ च्या ऑगस्टमध्ये मोठी आघाडी होती. सप्टेंबरमध्ये ती वितळली आणि न्यूयॉर्क मेट्स शेवटी ८ सामन्यांनी पुढे निघून गेले. १९८४ साली सॅन डिएगोविरुद्ध पाचापैकी पहिले दोन सामने जिंकून पुढचे तिन्ही हरले. पण त्याच वर्षीच्या २३ जूनबद्दल बोलताना ते उठून उभे राहायचे. त्या दिवशी सँडबर्गनी सेंट लुईसचा पिचर ब्रूस सटर याला आधी नवव्या आणि मग दहाव्या इनिंगमध्ये होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून दोनदा बरोबरी साधली, आणि कब्स १२-११ असे जिंकले. त्या दिवशीचं पान वहीत इतक्या वेळा उघडलं गेलं होतं की शिवण सुटली होती.

२००३ चा १४ ऑक्टोबर मी त्यांच्याच घरात काढला. फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध सहावा सामना, आठवी इनिंग, कब्स ३-० ने पुढे, पाच जण बाद केले की वर्ल्ड सीरिज. डाव्या बाजूला प्रेक्षकांत जाणारा एक फाउल चेंडू मोइझेस अलू झेलायला गेला. तिथे बसलेल्या काही प्रेक्षकांनीही हात पुढे केले, एकाचा हात लागला आणि झेल हुकला. पुढे त्या इनिंगमध्ये मार्लिन्सनी आठ धावा काढल्या. अख्खं शहर त्या एका चाहत्यावर तुटून पडलं, बिचाऱ्याला पोलीस बंदोबस्तात बाहेर काढावं लागलं. आजोबांनी मला वही दाखवली. शॉर्टस्टॉप अ‍ॅलेक्स गोंझालेझनं दोन बाद करून इनिंग संपवता येईल असा सरपटी चेंडू सोडला होता, तिथे ठळक अक्षरात ई-६ लिहिलेलं, म्हणजे शॉर्टस्टॉपची चूक. "प्रेक्षकासाठी या वहीत चौकट नाही," एवढंच ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सातव्या सामन्यासाठी नवं पान आखून तयार ठेवलं. तो सामनाही कब्स हरले, ९-६.

२०१४ च्या जानेवारीत आजोबा गेले. त्यांच्या मुलीनं अर्धी भरलेली शेवटची वही मला आणून दिली. "उरलेली पानं तुम्ही भरा."

म्हणून २ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मी पेन्सिलीला टोक करून दूरदर्शनसमोर बसले होते. सामना संध्याकाळी ७ नंतर सुरू झाला आणि मध्यरात्रीला १३ मिनिटं कमी असताना संपला. तपशील खाली बोलूच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आजोबांची मुलगी स्कोकीच्या यलो लाइननं हॉवर्डला आणि तिथून रेड लाइननं अ‍ॅडिसनला गेलो. वेव्हलंड आणि शेफील्ड रस्त्यांच्या बाजूला रिग्लीची जी विटांची भिंत आहे, तिच्यावर लोक खडूनं नावं लिहीत होते. निळा, पांढरा, गुलाबी, मिळेल त्या रंगाचा खडू. आईचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, काकांचं, जन्म आणि मृत्यूची सालं. हात पोचेल तिथपर्यंत भिंत भरली होती, म्हणून कुणी कुणाला खांद्यावर घेऊन वरच्या विटांवर लिहीत होतं. अनोळखी माणसं एकमेकांना खडू देत होती. "तुमचं कोण?" असं विचारत होती, आणि सांगणाऱ्याचं ऐकून घेत होती.

मुलीनं तिच्या आजोबांचं आणि वडिलांचं नाव इंग्रजीत लिहिलं. मी तिच्या वडिलांच्या नावाखाली तेच नाव देवनागरीत लिहिलं, वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं तसंच.

मला एवढंच सांगायचंय की त्या दिवशी शहरात जो आनंद होता तो जिंकण्याचा कमी आणि पोचवण्याचा जास्त होता. ज्यांच्याकडून वाट पाहणं वारशानं मिळालं, त्यांना निरोप पोचवायचा होता. मी तर परक्या गावाहून आलेली. मलाही तो वारसा कुंपणावरून दिला गेला.

---

भीमथडी

ताई, फार सुंदर लिहिलंत. मी पुण्यात असतो, बेसबॉल शून्य कळतो. पण ती सकाळ मला पक्की आठवते. मुलगा तेव्हा अर्बानाला शिकत होता. आमच्याकडे ३ नोव्हेंबरचे सकाळचे दहा वाजून गेलेले, फोन आला आणि पलीकडून नुसता आरडाओरडा. मला आधी वाटलं अपघात झाला. मग कळलं की तो आणि त्याचे मित्र रडत होते, आनंदानं.

तुमचं वाचून मला आपल्या महाराष्ट्राच्या रणजी संघाची आठवण झाली. प्रा. दि. ब. देवधरांच्या कप्तानीखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यानंतर एकदाही नाही. १९७०-७१ ला अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलो, १९९२-९३ ला पंजाबकडून, २०१३-१४ ला कर्नाटककडून. मधल्या काळात विदर्भानं २०१७-१८ ला पहिल्यांदा जिंकला आणि आता तीनदा जिंकलाय, त्याचा आनंद आहेच. पण माझे वडील देवधरांना खेळताना बघितल्याचं सांगायचे, आणि मी नातवाला काय सांगू हा प्रश्न आहे. आमच्याकडेही अशी एक भिंत लागेल कधीतरी.

एक शंका. तो बकऱ्याचा शाप म्हणतात तो काय प्रकार? मुलगा सांगायचा, पण फोनवर नीट कळलं नाही.

---

स्कोकीकर

भीमथडी, मनापासून आभार. देवधरांच्या संघाबद्दल माझ्या वडिलांकडून मीही ऐकलंय.

शापाचं असं सांगतात : बिली सियानिस नावाचे एक ग्रीक गृहस्थ शिकागोत बार चालवायचे. ६ ऑक्टोबर १९४५ ला वर्ल्ड सीरिजच्या चौथ्या सामन्याला ते आपला बोकड घेऊन रिग्लीला आले. बोकडाचंही तिकीट होतं म्हणे. त्याला वास येतो म्हणून हाकललं, आणि चिडून ते म्हणाले की आता कब्स जिंकायचे नाहीत. आजोबा मात्र ही गोष्ट कधीच स्वतःहून सांगायचे नाहीत. त्यांना ती आवडत नसे.

---

आकडेमोड

आजोबांचं बरोबर होतं. शापाच्या गोष्टीचं सगळ्यात मोठं नुकसान हे की खरी कारणं झाकली जातात. मी २००७ पासून शिकागोत आहे आणि या विषयावर मित्रांशी फार भांडलोय, म्हणून थोडं विस्तारानं.

रिग्ली कुटुंबाकडे संघ जवळजवळ साठ वर्षं होता. च्युइंग गमवाले. फिलिप रिग्लींनी मैदान सुंदर ठेवलं, १९३७ साली भिंतीवर आयव्हीच्या वेली चढवल्या, हातानं आकडे बदलायचा फलक लावला. लोक मैदान बघायला यायचे, मग संघ कसाही खेळो. १९६१ आणि ६२ मध्ये तर त्यांनी मॅनेजरच नेमला नाही. प्रशिक्षकांचं एक मंडळ केलं आणि ते आळीपाळीनं संघ चालवायचे. १९६२ मध्ये कब्स १०३ सामने हरले. १९६४ मध्ये लू ब्रॉकसारखा खेळाडू सेंट लुईसला देऊन बदल्यात पिचर अर्नी ब्रॉलिओ घेतला. ब्रॉक त्याच वर्षी तिथे वर्ल्ड सीरिज जिंकला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. ब्रॉलिओचा हात दुखावला आणि दोन वर्षांत त्याची कारकीर्द संपली. यात बोकड कुठे आला?

अर्नी बँक्स, रॉन सँटो, बिली विल्यम्स, फर्गी जेंकिन्स हे चौघे एका संघात होते. चौघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. त्यांना वर्ल्ड सीरिजचा एक सामनाही खेळायला मिळाला नाही. बँक्स २०१५ च्या जानेवारीत गेले, विजयाला दोन वर्षंही उरली नव्हती.

आणि तुटलं कसं तेही बघा. २००९ मध्ये रिकेट्स कुटुंबानं संघ घेतला. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टनहून थिओ एपस्टाईन आले. त्यांनी सरळ सांगितलं की डागडुजी होणार नाही, पायापासून बांधायचं. २०१२ मध्ये १०१ सामने हरले. ते हरणं सोसत त्यांनी तरुण खेळाडू जमवले. रिझो सॅन डिएगोकडून, हेंड्रिक्स टेक्सासकडून, अरिएटा बॉल्टिमोरकडून, रसेल ओकलंडकडून. ड्राफ्टमधून, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीतून, ब्रायंट आणि श्वार्बर. बायेझ आधीच हाती होता. मग पिचर जॉन लेस्टरला सहा वर्षांसाठी १५.५ कोटी डॉलर दिले आणि जो मॅडन मॅनेजर झाले. २०१५ मध्ये ९७ विजय, २०१६ मध्ये १०३. पाच वर्षांत एक एक वीट चढताना आम्ही बघितली. शाप मोडत नसतो, चुका दुरुस्त होतात.

---

फेनवेची_वाट

आकडेमोड, बॉस्टनकडून पूर्ण अनुमोदन. आमच्या रेड सॉक्सबद्दलही बेब रूथला न्यूयॉर्क यँकीजना विकल्याचा शाप सांगतात. १९१८ नंतर ८६ वर्षं. आणि तो संपवणारे जनरल मॅनेजर तेच, थिओ एपस्टाईन. २००२ च्या अखेरीस नेमले तेव्हा ते २८ वर्षांचे होते.

आम्हाला २००४ चा १७ ऑक्टोबर विसरता येत नाही. यँकीजविरुद्ध ०-३ मागे, आदल्या रात्री घरच्या मैदानावर १९-८ असा मार खाल्लेला. चौथ्या सामन्यात नववी इनिंग, एका धावेनं मागे, समोर त्यांचा पिचर मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलारला चार बॉलवर बेस मिळाला. त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. स्टेडियममधल्या प्रत्येकाला माहीत होतं की तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून गाठणार. रिव्हेरालाही माहीत होतं, त्यानं पुन्हा पुन्हा पहिल्या बेसवर चेंडू फेकला. तरी रॉबर्ट्सनं चोरला. बिल म्युलरनं फटका मारून त्याला घरी आणलं, म्हणजे धाव पूर्ण होऊन बरोबरी झाली, आणि बाराव्या इनिंगमध्ये, रात्रीचा एक वाजून गेल्यावर, डेव्हिड ऑर्टिझनं होम रन मारली. तिथून सलग आठ सामने जिंकले. ०-३ वरून मालिका जिंकणारा बेसबॉलमधला तो आजही एकमेव संघ आहे. २७ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये शेवटचा बाद झाला तेव्हा आकाशात खग्रास चंद्रग्रहण होतं.

स्कोकीकरताई, तुम्ही भिंतीचं लिहिलंत. आमच्याकडे लोक दफनभूमीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला जाताना फाटकाशी गाड्यांची रांग पाहिली. वडिलांच्या थडग्यावर कुणी टोपी ठेवली होती, कुणी त्या दिवशीचं वर्तमानपत्र. मला इथे येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. मला कुणाच्या थडग्यावर जायचं नव्हतं. मी गाडी बाजूला लावून आईला कोल्हापूरला फोन केला. का केला ते तेव्हा सांगता आलं नाही. आज तुमचं वाचून कळलं.

---

अनामिका१२

मी वेगळं लिहिणार आहे, रागावू नका. २०१६ च्या जुलैत कब्सनी यँकीजकडून अरोल्डिस चॅपमन घेतला. त्याच मोसमाच्या सुरुवातीला घरगुती हिंसाचाराविषयीच्या धोरणाखाली लीगनं त्याच्यावर ३० सामन्यांची बंदी घातली होती. पोलिसांत खटला झाला नाही, तरी लीगनं केलेली कारवाई सगळ्यांना माहीत होती. मी लहानपणापासून कब्सवाली, शिकागोतच जन्मले. माझ्या आईनं त्या दिवसापासून त्याच्या पिचिंगच्या वेळी दूरदर्शनचा आवाज बंद केला. विजयाच्या रात्रीसुद्धा. ती नाचली, रडली, आणि तरीही म्हणाली की हा माणूस नको होता.

आठवणी काढताना हे सोडून देऊ नये असं वाटतं.

---

स्कोकीकर

अनामिका, रागावण्याचा प्रश्नच नाही. माझ्या वहीत त्याच्या चौकटी आहेत, आणि त्या भरताना मलाही बरं वाटलं नव्हतं. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. तिनं केलं ते योग्य केलं.

---

ईरीकाठ

मी क्लीव्हलंडमध्ये राहतो. हा धागा उघडताना पोटात गोळा आला होता, पण सगळं वाचलं.

त्या रात्री मी स्टेडियममध्ये होतो. तुमच्याकडच्या लोकांनी आमची अर्धी आसनं विकत घेतली होती, कानात कब्सचाच घोष. पहिल्याच बॅटरनं, डेक्स्टर फाउलरनं, आमचा पिचर क्लूबर याला होम रन मारली. पाचव्या इनिंगपर्यंत ५-१. मग लेस्टरच्या एका वाइल्ड पिचवर (कॅचरला न अडवता आलेल्या भरकटलेल्या चेंडूवर) आमचे दोन जण घरी आले, ५-३. पुढच्याच इनिंगला डेव्हिड रॉसनं होम रन मारली, ६-३. तो ३९ वर्षांचा, त्याचा हा शेवटचा सामना. मला वाटलं, संपलं.

आठवी इनिंग, दोन बाद. चॅपमन आला. आधीच्या दोन सामन्यांत त्याला फार वापरलं होतं, थकलेला दिसत होता. गायरनं डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, ६-४. मग राजाई डेव्हिस आला. उंचीनं लहान, ताकदीसाठी प्रसिद्ध नाही, बॅट वरून धरलेली. त्यानं चेंडू डाव्या भिंतीवरून अगदी जेमतेम पलीकडे टाकला. ६-६. मी माझ्या शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारली. ते १९४८ साली सात वर्षांचे होते. १९४८ म्हणजे आम्ही शेवटचं जिंकलो ते वर्ष, लॅरी डोबी आणि सॅचेल पेज यांचा संघ. १९५४ ला १११ सामने जिंकून वर्ल्ड सीरिजमध्ये एकही नाही. १९९७ ला सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगमध्ये हरलो.

मग नववी संपली आणि पाऊस आला. फक्त १७ मिनिटांचा. तो आला नसता तर, हा विचार मी किती वेळा केलाय. तुमचा जेसन हेवर्ड त्या वेळात सगळ्यांना वजनाच्या खोलीत घेऊन गेला आणि बोलला. परत आले ते वेगळेच. श्वार्बरचा सिंगल, म्हणजे पहिल्या बेसपर्यंतचा फटका. एप्रिलमध्ये गुडघा फाटून मोसमच गेलेला माणूस थेट वर्ल्ड सीरिजमध्ये परतला आणि १७ पैकी ७ वेळा हिट झाला, हे आजही मला कळत नाही. झोब्रिस्टचा डबल, मोंटेरोचा सिंगल, ८-६. दहाव्यात डेव्हिसनंच पुन्हा एक धाव आणली, ८-७. इतक्या जवळून.

ते म्हातारे गृहस्थ शेवटचा बाद झाल्यावर बसून राहिले. मी विचारलं, पाणी आणू का? म्हणाले, नको, त्यांना बघू दे. समोर कब्सचे चाहते एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, ते त्यांच्याकडे बघत होते.

१९४८ पासून आमची ७७ वर्षं झाली. स्कोकीकर, तुमच्या आजोबांनी २००३ मध्ये दुसऱ्या दिवशीसाठी पान आखून ठेवलं, ते वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं.

---

साउथसाइड

ईरीकाठ, तुमचं लिहिणं सगळ्यात आवडलं.

आता शिकागोकरांना एक विचारतो. २००५ कुणाला आठवतंय? व्हाइट सॉक्स, त्याच शहरातले, दक्षिणेकडचे. १९१७ नंतर ८८ वर्षांनी जिंकले. ओझी गियेन मॅनेजर, त्या ऑक्टोबरमध्ये बारापैकी अकरा सामने जिंकले, ह्यूस्टनला ४-० ने धुतलं. आमची वाट बॉस्टनपेक्षाही दोन वर्षांनी लांब होती. पण आदल्या वर्षी बॉस्टन आणि अकरा वर्षांनी कब्स, मधले आम्ही हरवलो. बोकड नव्हता, वेली नव्हत्या, जिवलग शत्रू नव्हता. आमच्या मागे १९१९ ची लाच घेऊन हरल्याची गोष्ट होती, तिचं कुणी कौतुकानं गाणं करत नाही.

मी स्टीलच्या कारखान्यात काम केलेल्या माणसांबरोबर पहिली दहा वर्षं नोकरी केली. त्यांच्यासाठी २००५ च्या मिरवणुकीला गेलो होतो. त्यांच्याही वडिलांची नावं होती. फक्त भिंत नव्हती.

---

स्कोकीकर

साउथसाइड, बरोबर बोललात. आजोबा २००५ मध्ये व्हाइट सॉक्सच्या शेवटच्या सामन्याचंही स्कोअरिंग करत बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, माझा मेहुणा दक्षिणेकडच्या ब्रिजपोर्टचा आहे, त्याच्या घरी आज दिवा लागलाय.

---

भीमथडी

दिव्यावरून आठवलं. २०१६ ची दिवाळी याच सुमारास होती ना?

---

आकडेमोड

हो. आपल्या कालनिर्णयाप्रमाणे लक्ष्मीपूजन रविवारी, ३० ऑक्टोबरला होतं. कब्स १-३ मागे, पाचवा सामना त्याच रात्री रिग्लीवर. हरले असते तर तिथेच संपलं असतं. ३-२ असे जिंकले. १९४५ नंतर रिग्लीवरचा वर्ल्ड सीरिजमधला तो पहिला विजय. आमच्या घरी पूजा झाली, पणत्या लावल्या आणि मग सगळे सोफ्यावर. सहावा सामना १ नोव्हेंबरला, म्हणजे भाऊबिजेला. रसेलनं तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारली, ९-३. बहिणीनं ओवाळून झाल्यावर मला उठूच दिलं नाही. ज्या जागी बसलो होतो तिथे बसूनच सामना बघायचा, असा तिचा हट्ट.

शुक्रवारी, ४ तारखेला मिरवणूक. नदी निळी रंगवली होती. शहरानं ५० लाख लोकांचा अंदाज दिला. खरे किती ते कोण मोजणार, पण मी मिशिगन अव्हेन्यूवर तीन तास एका जागी उभा होतो आणि पाय हलवायला जागा नव्हती.

---

नवखी_वाचक

आज पहिल्यांदाच इथे प्रतिसाद देतेय. स्कोकीकरताई, शेवटचा बाद झाला तेव्हा तुम्ही वहीत काय लिहिलंत? ते पान कसं दिसतं?

---

स्कोकीकर

पान आत्ता समोर आहे, बघून लिहिते.

पहिल्या नऊ इनिंग्ज पेन्सिलीत, नीटनेटक्या. आठव्या इनिंगमध्ये राजाई डेव्हिसच्या चौकटीत होम रनचा चौकोन इतका दाबून काढलाय की मागच्या पानावर उमटलाय. नववीनंतर समासात "पाऊस" असं लिहिलंय, मराठीत. दहाव्या इनिंगसाठी आखलेला रकाना नव्हता, तो मी पट्टी न घेता हातानंच आखला, त्यामुळे रेघा वाकड्या आहेत.

माइक माँटगोमरी पिचिंगला, बॅटर मायकेल मार्टिनेझ. दोन बाद, पहिल्या बेसवर एक. त्यानं मारलेला चेंडू हळू सरपटत तिसऱ्या बेसकडे गेला. क्रिस ब्रायंट पुढे धावला. ओल्या गवतावर त्याचा पाय किंचित घसरला, पण तो चेंडू उचलायच्या आधीपासून हसत होता. त्यानं पहिल्या बेसवर रिझोकडे फेकला. रिझोनं झेलला, हात वर केले आणि चेंडू मागच्या खिशात घातला.

तिसऱ्या बेसकडून पहिल्या बेसकडे, म्हणजे ५-३. तेवढंच लिहिलंय. अक्षर नीट आहे, लिहिताना हात थरथरला नव्हता, तो नंतर थरथरला.

५-३ च्या पुढे इनिंग संपल्याची तिरपी रेघ मारायची असते. ती मी मारली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेड लाइनमध्ये वही आजोबांच्या मुलीच्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिल तिला दिली. अ‍ॅडिसनच्या आधी एक स्टेशन असताना तिनं ती मारली. गाडी हलत होती, त्यामुळे रेघ चौकटीच्या बाहेर गेलीय.